पाठ लागलेल्याचा फोटो

“अजून जवळ येऊ का?” रेगे सरांनी खालून विचारलं.

“या की,” मी वरून म्हणाले. “पार पायरीला खेटून झोपा. फोटो भारी येतोय बघा.”

आणि चिन्मय रेगे नावाचा तो मुंबईचा नामांकित फोटोग्राफर, ज्याच्या फोटोंसमोर उभं राहून लोक हळू आवाजात बोलतात, तो शेवटच्या पायरीला खेटून फरशीवर आडवा झाला. पांढऱ्या शर्टाची त्यानं पर्वा केली नाही. कॅमेरा डोळ्याला लावला आणि काच माझ्याकडे वळवली. मी जिन्याच्या वरच्या अंगाला स्केटबोर्ड पायाखाली दाबून उभी होते. मला फक्त थोडं कमी उडायचं होतं. मग बोर्ड, बोर्डाखालचं लोखंड आणि त्यावर मी, असा सगळा ऐवज त्याच्या कॅमेऱ्यावर आणि कॅमेऱ्यामागच्या तोंडावर उतरणार होता. त्यासाठीच मी त्याला मुंबईहून गोड बोलून बोलावून घेतलं होतं.

बाजूच्या ओट्यावर सोहेल बसला होता, एक पाय लांब सोडून. त्याला सगळं ठाऊक होतं. त्या दुपारी तिथं आम्ही तिघंच होतो. बाकीच्या पोरांना मी मुद्दाम कळवलं नव्हतं. असल्या कामाला चार डोळे कमी असलेले बरे.

ती जागा म्हणजे एक भाजी मंडई होती, जिच्यात भाजी कधी विकली गेलीच नाही. कोल्हापूरच्या कडेला कुणीतरी मोठ्या हौसेनं बांधलेली. ओटे बांधले, वर छत घातलं, समोर गुळगुळीत फरशीचं अंगण केलं आणि अंगणातून वर चढायला ऐसपैस जिना. भाजीवाल्या आल्या, गिऱ्हाईक दिसेना म्हणून पाट्या उचलून परत रस्त्यावर जाऊन बसल्या, त्या काही पुन्हा फिरकल्या नाहीत. मग ती मंडई आमची झाली. आम्ही म्हणजे स्केटबोर्डचं खूळ लागलेली पाच-सात पोरं आणि त्यांच्यात मी एकटी पोरगी. ओट्यांच्या कडांना आम्ही मेणबत्ती घासायचो, म्हणजे बोर्ड सरकन घसरत जातं. मेथीच्या जुड्या लागायच्या त्या ठिकाणी आमचे गुडघे फुटायचे. मोठ्या जिन्याचं नाव आम्ही ‘दहावी’ ठेवलं होतं, कारण ती बोर्डाची परीक्षा. हा विनोद सोहेलचा. त्यावर सगळ्यात जास्त हसणाराही सोहेलच.

सोहेल शिकलगार आमच्यात सगळ्यात सरस होता. त्याचे वडील नजीर पैलवान एके काळी गावोगावची मैदानं मारून आलेले, पुढं कात्र्या-सुऱ्यांना धार लावायच्या दुकानात बसायचे. त्या घरात तालमीचं वारं, त्यामुळे आमची भाषाही तालमीतलीच झाली होती. कुणी पडलं तर ‘पडला’ म्हणायचं नाही, ‘पाठ लागली’ म्हणायचं. नजीरचाचा एकदा आमचा हा तमाशा बघायला मंडईत आले होते. एक पोरगा सपशेल आपटला, आणि दुसऱ्यानं हसत मोबाइल काढला. चाचांनी तो मोबाइल त्याच्या हातातून अलगद काढून घेतला.

“बाळा, मी आयुष्यात किती कुस्त्या हारलो, माझं मला म्हाईत न्हाई,” ते म्हणाले. “पर त्यातल्या एकीचाबी फोटो न्हाई. जितला त्याचा फोटो काढत्यात. ज्याची पाठ लागली त्याला हात देऊन उठवत्यात. ही रीत हाय.”

तेव्हापासून पाठ लागल्याचा फोटो काढायचा नाही, हा आमचा नियम झाला. दुसरा नियम आम्ही आमच्या अकलेनं केला होता. कुणी खाली झोपून फोटो काढत असला, तर उडी मारणाऱ्यानं त्याला लागू द्यायचं नाही, स्वतःचं हाड मोडलं तरी बेहत्तर. एवढं पाळलं की मंडईत कुणीही यावं, आमची ना नव्हती.

तसा रेगे आला. कुठल्याशा मासिकासाठी रंकाळ्याचे फोटो काढायला आला होता, रिक्षावाल्यानं गंमत म्हणून त्याला आमची मंडई दाखवली आणि तो तिथंच चिकटला. वर्षभर येत-जात राहिला. खोटं कशाला बोलू, आम्हाला तो आवडायचा. बाकीचे लोक मोबाइल नाचवायचे, हा मात्र काळ्या-पांढऱ्या फोटोंचा रोल घालून तासन्‌तास एका जागी बसायचा. मला त्यानं रोल भरायला शिकवलं. डावीकडचं बटण वर ओढायचं, मागचं दार टपकन उघडतं, मग फिल्मची जीभ उजवीकडच्या खाचेत सरकवायची. “उघडं दार उन्हाला दाखवायचं नाही,” तो बजावायचा, “सगळं संपतं.” आम्ही कोल्हापूरच्या पोरी ‘मी येतो, मी जातो’ म्हणतो, त्याचं त्याला कोण कौतुक. “पुन्हा म्हण ना, हर्षदा,” म्हणायचा. आणि मीही शहाणी, पुन्हा म्हणायचे.

दोन्ही नियम आम्ही त्याला पहिल्याच आठवड्यात सांगितले होते. “किती सुंदर आहे हे,” असं म्हणून त्यानं मान डोलावली होती. कुस्तीत पाठ लागून हरल्याला काय म्हणतात, ते त्यानं नजीरचाचांना विचारलं होतं आणि ‘चितपट’ हा शब्द त्यांच्याकडून पुन्हा पुन्हा म्हणवून घेतला होता. चाचांना वाटलं, मुंबईच्या माणसाला कुस्तीचा नाद लागला.

सोहेलनं दहावी मारली त्या संध्याकाळी आम्ही सगळे हजर होतो. पहिल्याच दमात उडी बसली. चारी चाकं फरशीवर एकदम टेकली की एक आवाज येतो, तो ऐकला की पोटातून ओरडायला होतं. आम्ही ओरडलो, नाचलो, सोहेलला उचलला. रेगे खालून उठला आणि आभाळाकडे बघत म्हणाला,

“सोहेल, एकदाच अजून. उन्हाची तिरीप आत्ता कुठं पायऱ्यांवर आलीय. मघाशी सावली होती.”

“बसली की सर,” सोहेल म्हणाला. “आता कशाला?”

“तुझ्यासाठी नाही रे, फोटोसाठी. शेवटचं.”

सोहेल म्हणजे मान मोडून घेईल पण नाही म्हणणार नाही, असला प्राणी. तो गेला वर. दुसऱ्या उडीत बोर्ड पायाखालून सटकलं. आधी टाच आपटली, मग पाठ. टाचेच्या हाडाचा चुरा झाला. आम्ही लांब होतो, धावत सुटलो. रेगे त्याच्या शेजारी होता. सोहेलनं पडल्या पडल्या हात वर केला होता, कुणीतरी धरावा म्हणून, आणि रेगेनं दोन्ही हातांनी कॅमेरा धरला होता. आम्ही पोचण्याआधी शटर वाजलं. दवाखान्याच्या धावपळीत मी ते विसरूनही गेले.

पुढच्या थंडीत मुंबईत त्याचं प्रदर्शन लागलं. आम्हाला सगळ्यांना आमंत्रण होतं. इस्त्रीचे कपडे घालून गेलो, सोहेल काठी टेकत. दारातून आत शिरलो तर समोरच्या भिंतीवर माणसापेक्षा उंच सोहेल. पाठ फरशीला लागलेली, तोंड वेदनेनं वाकडं झालेलं आणि एक हात वर. खाली पट्टीवर एकच शब्द होता, ‘चितपट’.

फोटो चांगला होता. फार चांगला होता, आणि त्याचा तर मला जास्तच राग येतो. भंगार असता तर थुंकून परत आलो असतो.

पिकल्या केसांच्या एक बाई सोहेलजवळ आल्या. “हा तूच ना? किती लकी आहेस तू!”

“व्हय,” सोहेल म्हणाला. दुसरं काय म्हणणार? तो आपल्या पायाकडे बघत राहिला, आणि बाई फोटोकडे.

मी रेगेला कोपऱ्यात गाठलं.

“सोहेलची बसलेली उडी कुठं लावलीया?”

“कुठली गं?”

“पहिली. ह्याच्या आधीची. आम्ही सगळे नाचलो ती.”

“अच्छा, ती. सावली होती त्यात, फार कमकुवत फ्रेम. मी ती निगेटिव्ह ठेवलीच नाही.”

“आन् ही ठेवली. रीत सांगितली हुती की तुम्हाला.”

त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. समजूतदार माणसं ठेवतात तसा. “हर्षदा, बसलेल्या उड्या सगळेच काढतात. त्यात कौशल्य दिसतं. ह्यात माणूस दिसतो.”

ह्यात माणूस दिसतो म्हणे. ते वाक्य मी कोल्हापूर येईपर्यंत दातांखाली चावत आले, पण ते काही बारीक होईना.

नंतर रविवारच्या पुरवणीत तोच फोटो छापून आला, अर्ध्या पानभर, नावानिशी. मी चाचांच्या दुकानात गेले तर धारेचं चाक बंद होतं आणि चाचा नुसते बसलेले होते. पेपर त्यांनी घडी घालून मांडीखाली ठेवला होता.

“पोरी, आडनाव बी घातलंय,” ते म्हणाले. “शिकलगार.”

“चाचा, त्यो माणूसच नालायक हाय.”

“मी सांजचं तालमीच्या कट्ट्यावर बसाय जातो न्हवं? जाईना झालोय.”

“कोण काय बोललं व्हय तुम्हाला?”

“कोण बोलणार? कुणी न्हाई बोलत.” मग पेपर आणखी आत सारत म्हणाले, “न्हाई बोलत म्हणूनच जाईना झालोय.”

एवढा आडदांड माणूस, मैदानात उतरला की लोक पागोटी उडवायचे म्हणतात, आणि तो मांडीखाली पेपर दाबून बसलेला. मला त्या दुकानात उभं राहवेना. बाहेर आले तेव्हाच माझं ठरलं होतं. रेगेचा उजवा डोळा. ज्या डोळ्यानं त्याला माणूस दिसतो, तो.

मी तयारीला लागले. दहावी मी कधी मारली नव्हती, वरून खाली बघितलं की मी मागं सरायचे. पण मला मारायची होती कुठं? पडायचं होतं, नेमकं पडायचं होतं. आधी लहान जिन्यांवर उड्या मारल्या. तळहात सोलले, नडगी फोडून घेतली, घरी आईला स्कूटरवरून पडले म्हणून सांगितलं. तिनं माझी स्कूटरच काढून घेतली, तरी मी थांबले नाही. अंगात जोर आला असं वाटल्यावर रेगेला फोन लावला.

“सर, मी दहावी मारतोय.”

पलीकडून घाईघाईनं, “मी येईपर्यंत मारू नकोस. प्लीज, हर्षदा. कोल्हापुरातली मुलगी, तो जिना, ते ऊन, तुला कळत नाहीये ते काय आहे.”

“मला कळतंय सर,” मी म्हणाले. “तुम्ही या निवांत.”

आदल्या दिवशी मी सोहेलला सगळं सांगितलं. वाटलं होतं, खूश होईल.

“हर्षे, खाली झोपल्याला लागू द्यायचं न्हाई,” तो म्हणाला. “आपलंच ठरलंय.”

“पाठीचा फोटो काढायचा न्हाई, त्ये बी आपलंच ठरलं हुतं. त्यानं एक मोडला, मी एक मोडतो. फिट्टंफाट.”

“डोळा जाईल त्याचा.”

“जाऊ दे की. तुझी टाच गेली न्हवं?”

“मग डोळा गेल्यावर माझी टाच येणार हाय काय परत?”

मी भडकले. “तुझ्या बापाचं तोंड बघ जा दुकानात. मग मला शाणपण शिकव. आन् पटत नसंल तर येऊ नगंस उद्या.”

“येतो,” सोहेल म्हणाला. एवढंच. का येतो ते त्यानं सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

तर अशी ती दुपार. रेगे खाली आडवा, सोहेल ओट्यावर, मी वर. पहिल्या खेपेला मी कडेपर्यंत गेले आणि पाय आपोआप बोर्डावरून उतरले. बोर्ड एकटंच खडखडत पायऱ्या उतरून रेगेच्या पायाशी जाऊन पडलं. भीती ती भीतीच. मेल्या मनानं मारायचं ठरवलं तरी पायांना कुठं माहीत असतं?

रेगेनं बोर्ड उचलून मला वर आणून दिलं. स्वतः, पायऱ्या चढून. “घाई नको,” तो म्हणाला. “मी आहे दिवसभर.” मग परत खाली जाऊन झोपला, आणि झोपल्या झोपल्या हसून म्हणाला, “एक सांगू? मला अजिबात भीती वाटत नाहीये. दुसऱ्या कुणासाठी मी असा झोपलो नसतो. पण तू मला लागू देणार नाहीस. तुमचा नियमच आहे ना तो!”

म्हणजे नियम त्याच्या लक्षात होते. विसरलाबिसरला नव्हता, सगळं पाठ होतं. फक्त ज्या नियमानं त्याचा डोळा वाचत होता तो त्यानं जपून ठेवला होता, आणि ज्या नियमानं सोहेलची लाज वाचली असती तो गॅलरीच्या भिंतीवर टांगला होता.

“तयार?” रेगेनं विचारलं.

“हां.”

मी बोर्ड टाकलं, पळत येऊन चढले, एक धक्का मारला, दुसरा मारला. कडेला पोचले तेव्हा डोळ्यांसमोर फक्त ती काळी काच होती आणि काचेमागचा तो माणूस. मी मागच्या पायानं बोर्ड असं हाणलं, जसं त्याच्याच तोंडावर हाणावं.

आणि इथंच माझं गणित चुकलं. थोडं कमी उडायला माणूस भ्यालेला असावा लागतो. कडेला पाय कचरला की उडी आखूड पडते, आम्ही सगळे तसेच पडायचो. त्या घटकेला मी भ्यालेली नव्हतेच. अंगात नुसता राग होता, आणि रागानं मारलेली उडी कधी आखूड पडत नाही. पायऱ्या खालून निघून गेल्या. रेगे खालून निघून गेला, वीतभर अंतरावरून, त्याचे कपाळावरचे केस मला दिसले. गुडघे आपोआप वर आले, पाय आपोआप बोर्डावर राहिले, आणि चारी चाकं एकदम फरशीवर टेकली. तो आवाज आला. मी पडलेच नाही. अंगण पार करून समोरच्या भिंतीपर्यंत गेले, भिंतीला हात लावून थांबले आणि मला कळेना की मी केलं काय.

“मिळाला!” मागून रेगे किंचाळला. “मिळाला! हर्षदा, मिळाला!”

तो गुडघ्यांवर बसला होता, कॅमेरा पोटाशी धरून. डोळ्यांत पाणी. “आयुष्यात एकदा मिळतो असा फोटो,” तो म्हणत होता. “सूर्य तुझ्या बरोबर मागं होता. तू, बोर्ड, तुझी सावली माझ्या अंगावर. ह्याच्यापुढं तो चितपट काहीच नाही.”

ते नाव त्यानं घेतलं नसतं, तर काय झालं असतं देव जाणे. कारण मी खूश होते. शरम वाटते सांगायला, पण त्या क्षणी मी त्या माणसाला मिठी मारायच्या बेतात होते.

“बघू, कॅमेरा द्या,” मी म्हणाले.

“दिसणार नाही गं त्यात काही, रोल आहे.”

“म्हाईत हाय. नुसता हातात धरतो.”

‘धरतो’ ऐकून तो हसला आणि त्यानं कॅमेरा माझ्या हातात दिला. मी डावीकडचं बटण वर ओढलं. मागचं दार टपकन उघडलं. वर ऐन दुपारचं ऊन होतं.

“अगं ए! काय करतेयस!”

मी फिल्मचं टोक धरलं आणि ओढत गेले, ओढत गेले, पूर्ण हात लांब करून, घरात लग्नाचं तोरण सोडवतात तशी. राखाडी पट्टी उन्हात लखलखत होती. रेगे झेपावला तोवर रोल रिकामा झाला होता. मी कॅमेरा त्याच्या छातीवर ठेवला, अगदी नीट, काचेला बोटही न लावता. फिल्म त्याच्या पायाशी टाकली.

तो म्हणाला, “अगं मूर्ख मुली, तो तुझा फोटो होता. तुझा!”

“सोहेलचा बसल्याचा फोटो हाय काय जगात?”

“त्याचा इथं काय संबंध?”

“हाय का न्हाई, तेवढं सांगा.”

तो फिल्मकडे वाकला.

“न्हाई. तुम्ही टाकून दिला, सावली हुती म्हणून. मग माझा बी नगं. सोहेल भिंतीवर पाठ लागून पडणार आन् त्याच्या शेजारी मी उडताना टांगणार? त्यापरीस नगंच.”

रेगे खाली बसला. फिल्म गोळा करायला लागला, शर्टाखाली लपवायला लागला, जणू अजून काही वाचेल. स्वतःच शिकवलेलं विसरला होता बिचारा. मग त्यानं मान वर केली. चेहरा असा झाला होता की मला वाटलं, हां, आता दिसतोय ह्यात माणूस.

“तुला कळलंय का तू काय केलंस?” तो म्हणाला. “शटर दाबलं की कॅमेऱ्यातला आरसा वर जातो. त्या क्षणी आत नुसता अंधार असतो. जो क्षण मी टिपतो तो मला कधीच दिसत नाही. तुझी उडी मीसुद्धा पाहिलेली नाही, हर्षदा. ती फक्त इथं होती.” त्यानं मूठभर फिल्म पुढं केली. “आता ती कुठंच नाही.”

“सोहेलनं बघितली,” मी म्हणाले. “मला तेवढी बास.”

तो उठला. सामान पिशवीत कोंबलं आणि रस्त्याकडे चालायला लागला. शर्टाची पाठ धुळीनं माखलेली होती, तीही त्यानं झटकली नाही. तो पुन्हा कोल्हापुरात आला नाही. त्याची प्रदर्शनं होतात, पेपरात वाचते, मंडईतलं त्यात काही नसतं. ‘चितपट’ मात्र कुणाच्या तरी घराच्या भिंतीवर आहे म्हणतात. त्याला माझा हात पोचला नाही.

रेगे दिसेनासा झाल्यावर मी बोर्ड उचललं आणि ऐटीत सोहेलकडे गेले. जन्मात एवढी ताठ मी कधी चालले नसेन. त्याच्या टाचेचा सूड घेतला होता, आणि वर दहावी सुटले होते, तीही पहिल्या वर्गात.

“बघितलंस?”

“काय?”

“उडी, लेका! आणि काय? वीतभर वरनं गेलो त्याच्या. गुडघं बघितलंस माझं? कुठं आलं हुतं?”

सोहेल ओट्याच्या कडेचं मेण नखानं खरवडत बसला. माझ्याकडे बघेना.

“अरं बोल की. चांगली हुती का न्हाई?”

“हर्षे,” तो म्हणाला, “मी डोळं मिटलं हुतं.”

“कवा?”

“तू दुसरा धक्का मारलास तवाच. मला त्ये बघायचं न्हवतं. चाकं आपटल्याचा आवाज आला, मला वाटलं त्याच्या तोंडावरच बसली. मग त्यो ‘मिळाला’ म्हणून वरडला, तवा उघडलं. तवर तू भिंतीपाशी हुतीस.”

“मग आलास कशाला हितं?”

“त्याला दवाखान्यात न्यायला कुणीतरी लागलं असतं की,” सोहेल म्हणाला.

मी जिना चढून पुन्हा वर गेले. बोर्ड टाकलं, पळत आले, आणि कडेला पाय कचरले. पुन्हा गेले, पुन्हा कचरले. खाली फरशी मोकळी होती आणि सोहेल डोळे फाडून बघत होता. पण राग कुठून आणायचा? तो सगळा त्या एका उडीत खर्च झाला होता. पुढंही कितीतरी वर्षं प्रयत्न केला, दहावी मला पुन्हा सुटली नाही. मी ती मारली आहे असं सांगितलं की पोरं हसायची आणि म्हणायची, “फोटो दाखव.”

रेगेचं मला आजही वाईट वाटत नाही. पुन्हा तशी वेळ आली तर तो रोल मी तेवढ्याच जोरानं ओढीन. फक्त उडी मारायच्या आधी सोहेलला एवढं सांगीन, की मी रेगेला मारणार नाहीये, डोळे उघडे ठेव.